पाच प्रोजेक्टांत तेच फंक्शन, आणि पाचही वेगळी

धुळ्याच्या एका भाऊंनी विचारलं आहे. तीन वर्षांपासून ते एकट्याने दुकानदारांसाठी बिलिंग आणि स्टॉकची सॉफ्टवेअर्स करतात. रक्कम राउंड करणं, आर्थिक वर्ष काढणं, जीएसटी क्रमांक तपासणं, रक्कम अक्षरी लिहिणं ही कामं त्यांना प्रत्येक प्रोजेक्टात लागतात. दर वेळी जुना प्रोजेक्ट उघडून ते कोड उचलतात. आता दोन मित्र सोबत आले आहेत आणि त्यांनाही तो द्यायचा आहे. म्हणून प्रश्न असा: स्निपेट्स, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारे कोडचे छोटे तुकडे, साठवायला चांगलं टूल कोणतं, आणि सरळ एक लायब्ररीच, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टांनी जोडून घ्यायचं एकच सामायिक पॅकेज, करून टाकावी का?

भाऊ, टूलचं उत्तर एका ओळीत देतो. गिटची (कोडमधले बदल नोंदवत जाणारं टूल) एक खासगी रेपो, म्हणजे कोडचं फोल्डर, करा, त्यात साध्या फाइली ठेवा, बस. पण तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य येऊन गेलंय, "कधी कधी कोणती कॉपी बरोबर आहे तेच कळत नाही", आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. साठवायला जागा तुमच्याकडे आहेच, पाच-पाच ठिकाणी आहे. एखादा तुकडा कोणत्या अटींवर बरोबर आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. टूल बदलून ते लिहिलं जाणार नाही.

मी जळगावात वीसेक वर्षं हेच काम करतोय. फॉक्सप्रोपासून सुरुवात, मग व्हिज्युअल बेसिक, आता पायथन आणि जावास्क्रिप्ट या भाषा. गिऱ्हाइकं बहुतेक दाणा बाजारातले आडते, डाळ मिलवाले, आणि सावदा-रावेरकडचे काही केळीचे व्यापारी. त्यामुळे उदाहरणं सगळी हिशेबाची येतील. गेम किंवा मोबाइल ॲप करणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या असतील, त्यांना यातलं निम्मंच लागू पडेल. आणि तुम्ही एकटे असता तर मी इतकं लांबण लावलंच नसतं. एकट्या माणसाची निम्मी कागदपत्रं डोक्यात असतात आणि बरेच दिवस ती चालूनही जातात. दोन मित्र आले की डोकं तीन ठिकाणी वाटलं जातं.

माझी एक फजिती सांगतो. एका किराणा दुकानासाठी रक्कम राउंड करणारं फंक्शन, म्हणजे तेवढं एकच काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलं होतं. ५० पैसे किंवा वर असेल तर पुढचा रुपया, खाली असेल तर मागचा. दुकानदार खूश. दोन वर्षांनी एका आडतीचं काम आलं, तेव्हा तेच फंक्शन उचलून लावलं. आडतीत शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत मालाची रक्कम येते, तिच्यातून हमाली, तोलाई अशा ओळी वजा होतात. मी प्रत्येक ओळ राउंड करत होतो. मुनीमजींच्या वहीत राउंड व्हायची ती फक्त शेवटची रक्कम. एका पट्टीत फरक रुपया-दोन रुपयांचा, पण मक्याच्या हंगामात दिवसभर पट्ट्या फाटतच असतात. संध्याकाळी रोजकीर्द जुळेना. रात्री साडेदहाला मुनीमजींचा फोन: "भाऊ, हाई काय व्हयनं?"

फंक्शनमध्ये एका अक्षराची चूक नव्हती. "हे फक्त बिलाच्या शेवटच्या रकमेसाठी" ही अट मात्र माझ्या डोक्यात होती, फाइलमध्ये नव्हती. डोक्यातली अट दोन वर्षांत उडून गेली आणि फाइलमधला कोड कॉपी झाला.

याच राउंडिंगचा दुसरा पदर जास्त चिवट आहे. समजा १३४७.५ किलो मका, भाव क्विंटलला २११५ रुपये. रक्कम होते २८४९९.६२५. म्हणजे साडेबासष्ट पैसे. पायथनच्या राउंडला दोन दशांशांपर्यंत करायला सांगा, तो ६२ पैसे देतो, कारण बरोबर मधोमध आलेला आकडा तो सम अंकाकडे नेतो. जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड (दशांश ठरवून देणारं तिथलं फंक्शन) तोच आकडा घेऊन ६३ पैसे देतं. सर्व्हर पायथनमध्ये आणि स्क्रीन ब्राउझरमध्ये असेल तर स्क्रीनवर एक रक्कम आणि डेटाबेसमध्ये दुसरी. दोघांपैकी कोणीही चुकलेलं नाही, त्यांचे नियमच वेगळे आहेत. त्यात २.६७५ सारखे आकडे संगणकाच्या पोटात नेमके बसतच नाहीत, किंचित कमी होऊन बसतात, म्हणून ते २.६७ होतात. हा तिसरा घोळ. म्हणून आता माझ्याकडे पैसे पूर्णांकात असतात, रुपयांऐवजी पैशांत, आणि वजन ग्रॅममध्ये. राउंडिंगचा नियम फंक्शनच्या नावातच दिसतो.

यातून माझी सवय पडली ती अशी. कुठलाही तुकडा संग्रहात टाकताना वर चार ओळी मराठीत लिहायच्या. काय घेतो, काय देतो, काय गृहीत धरतो आणि कुठे चालणार नाही. पहिल्या दोन ओळी सगळेच लिहितात. माझा अनुभव असा की वेळेला उपयोगी पडते ती चौथी. "ओळवार कपातीसाठी वापरू नये", एवढी एक ओळ असती तर मुनीमजी नऊला घरी गेले असते.

चौथी ओळ लिहायची तर आपण काय गृहीत धरलंय ते आधी दिसायला लागतं, आणि ते सहज दिसत नाही. आपल्या भागातली तीन उदाहरणं घ्या.

पहिलं आर्थिक वर्षाचं. नियम सोपा: महिना ४ किंवा पुढचा असेल तर हेच वर्ष, नाहीतर मागचं. पायथनमध्ये लिहिलेलं हे जावास्क्रिप्टमध्ये जसंच्या तसं नेलं तर सगळा एप्रिल मागच्या वर्षात जातो, कारण तिथे महिने शून्यापासून मोजतात आणि एप्रिल ३ असतो. हे निदान एप्रिलमध्ये लगेच उघडं पडतं. दुसरा प्रकार जास्त लबाड आहे. ब्राउझरमध्ये १ एप्रिल ही तारीख निवडली की ती बरेचदा आपल्याकडच्या रात्री बाराची धरली जाते. ती आयएसओ पद्धतीच्या मजकुरात (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस) बदलली की यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत जाते, साडेपाच तास मागे, म्हणजे ३१ मार्च संध्याकाळी साडेसहा. आपण पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून ठेवतो. नव्या वर्षाचं पहिलं बिल जुन्या वर्षाच्या क्रमात जाऊन बसतं. बाकी वर्षभर हीच चूक एक दिवसाने होत असते, पण रोजच्या धांदलीत कोणाच्या लक्षात येत नाही. चाचणी घेताना आपण दुपारी "आत्ताची वेळ" देऊन पाहतो, तेव्हा तारीख बरोबरच येते.

दुसरं जीएसटी क्रमांकाचं. १५ अक्षरं. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, मग त्या पॅनवरच्या नोंदणीचा क्रम, मग सहसा झेड, आणि शेवटी तपासणीचं अक्षर. मी पाहिलेल्या निम्म्या स्निपेट्समध्ये सुरुवात महाराष्ट्राच्या २७ नेच व्हावी असं लिहिलेलं होतं. पुण्यातल्या एखाद्या दुकानात ते बरेच दिवस खपून जाईल. आपल्याकडे? नंदुरबारच्या कापडवाल्याचा पुरवठादार सुरतचा, त्याचा क्रमांक गुजरातच्या २४ ने सुरू होणार. रावेरचा व्यापारी बऱ्हाणपूरशी आणि शिरपूरचा सेंधव्याशी रोजचा व्यवहार करतो, ते मध्य प्रदेशच्या २३ चे. सीमेवरच्या माणसाने सीमेपलीकडचं गृहीत धरायला हवं. दुसरी गोष्ट नावाची. फंक्शनचं नाव "जीएसटी वैध आहे का" असं ठेवलं तर मित्राला वाटेल की नोंदणी चालू आहे हेही यात तपासलं गेलं. आपण तपासतो फक्त रचना आणि शेवटचं अक्षर. टायपिंगची चूक त्यात पकडली जाते, रद्द झालेली नोंदणी नाही. म्हणून माझ्याकडे नाव आहे "जीएसटी रचना बरोबर". नाव थोडं ओबडधोबड आहे, पण खोटं बोलत नाही.

तिसरं आपल्या भाषेचं, आणि इथे बाहेरून उचललेले तुकडे सगळ्यात जास्त फसवतात. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असेल तर गिऱ्हाईक नंबर देवनागरी अंकांत टाकतो. पायथन "१२३" ला मुकाट्याने एकशे तेवीस समजतो. जावास्क्रिप्ट म्हणतो, ही संख्याच नाही. त्यातही पायथनची पॅटर्न-तपासणी देवनागरी अंकांना अंकच मानते, म्हणजे फोन नंबर तपासणीतून पास होतो, तसाच डेटाबेसमध्ये जातो, आणि नंतर इंग्रजी अंकांनी शोधला की सापडत नाही. आमच्याकडे एका व्यापाऱ्याची दोन-दोन खाती झाली होती ती यामुळेच. गावांच्या नावांचंही तसंच. खानदेश आणि खान्देश ही दोन्ही रूपं लोक लिहितात. संगणकाच्या लेखी एकाची लांबी ६ आणि दुसऱ्याची ७. "ऱ" हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवण्याची जागतिक पद्धत) एका चिन्हानेही येतं आणि र अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही येतं. डोळ्याला एकच दिसतं, तुलना केली की वेगळं निघतं. म्हणून मजकूर आत घेतानाच एकदा युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या, जोडलेल्या रूपात आणायचा, अंक इंग्रजीत करायचे आणि आजूबाजूच्या रिकाम्या जागा काढायच्या, हे माझ्या संग्रहातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं फंक्शन आहे. त्यात गंमत वाटावी असं काही नाही, पंधरा ओळी आहेत. खानदेश-खान्देश ते एक करू शकत नाही, त्याला वेगळी यादीच लागते, आणि हेही त्याच्या चौथ्या ओळीत लिहिलेलं आहे.

जाता जाता दोन बारक्या गोष्टी. मराठी मजकुराची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की कचरा दिसतो, कारण सुरुवातीला बीओएम, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी खूण, नसतो. पायथनमध्ये एन्कोडिंग म्हणून "यूटीएफ-८-सिग" दिलं की काम होतं. आणि रक्कम अक्षरी लिहिणारा इंग्रजीचा तुकडा भाषांतर करून मराठीला लावू नका. इंग्रजीत वीस आणि एक जोडले की एकवीस होतात, आपल्याकडे ९९ पर्यंत प्रत्येक शब्द आपल्या मर्जीचा आहे. एकोणऐंशी म्हणता म्हणता शेवटी नव्व्याण्णव येतो, एकोणशंभर येत नाही. शंभर शब्दांची सरळ यादी करा आणि मोकळे व्हा.

आता तुकडा कसा असावा याबद्दल. माझा एकच आग्रह आहे: त्याने हातात दिलेलं घ्यावं आणि उत्तर परत द्यावं. मधेच डेटाबेस उघडणं, स्क्रीनवर संदेश दाखवणं, "आजची तारीख" स्वतःच काढणं हे नको. आजची तारीखही बाहेरून द्यावी. असं असेल तरच तो दुसऱ्या प्रोजेक्टात जागच्या जागी बसतो, आणि असं असेल तरच त्याची चाचणी दोन मिनिटांत लिहिता येते. प्रत्येक फाइलच्या खाली मी पाच-सहा आकडे आणि त्यांची अपेक्षित उत्तरं ठेवतो. ३१ मार्च, १ एप्रिल, २९ फेब्रुवारी. शून्य, ऋण रक्कम, बरोबर ५० पैसे. चूक सापडली की आधी ती खालच्या यादीत जाते, मग दुरुस्ती होते. कोणती कॉपी बरोबर, हा तुमचा प्रश्न तिथे मिटतो: जी आजच्या यादीतून पास होते ती. तारखा आणि फोल्डरची नावं पाहत बसायची गरज उरत नाही.

प्रत्येक गोष्ट संग्रहात टाकायची नसते, हेही सांगायला हवं. मी पहिल्यांदा सरळ लिहितो, दुसऱ्यांदा नाक मुरडून कॉपी करतो, तिसऱ्यांदा लागलं की बसून नीट करतो. पहिल्याच वेळी "पुढे कामाला येईल" म्हणून सगळ्या प्रसंगांना पुरेल असं फंक्शन लिहायला गेलात तर नऊ पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून द्यायच्या गोष्टी) होतात आणि ते नऊच्या नऊ कोणालाच आठवत नाहीत. केळीच्या आणि कापसाच्या वजनकपातीसाठी मी एकदा एकच फंक्शन केलं होतं. कपातीचे नियम दोघांचे वेगळे, व्यापाऱ्यागणिक वेगळे. सहा महिन्यांत त्यात इतक्या अटी घुसल्या की शेवटी दोन वेगळी फंक्शन्स केली. दहा ओळी दोनदा लिहिल्या गेल्या. चाललं.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर वर चार ओळी, खाली पाच-सहा आकडे, मधे बाहेरच्या कशाला हात न लावणारा कोड, आणि हे सगळं तिसऱ्या वेळेला. आता मित्रांना देण्याचा भाग.

लायब्ररी करावी का? तिघं आहात, गिऱ्हाइकांची इन्स्टॉलेशन्स वेगवेगळ्या काळातली आहेत. लायब्ररी केलीत तर एक दुरुस्ती सगळीकडे पोहोचते हा फायदा, आणि एक चूकही सगळीकडे पोहोचते हा तोटा. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर, लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले मोठमोठे प्रोजेक्ट बिल्ड होईनात, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार होईना. काही तासांत ते परत ठेवावं लागलं. काम काय होतं त्याचं? मजकुराच्या डावीकडे ठरावीक अक्षरं भरणं. बिल नंबरच्या आधी शून्यं लावताना आपण करतो तेच. तेव्हापासून माझा हिशेब असा आहे की पन्नास ओळींच्या आतलं आणि क्वचित बदलणारं असेल तर कॉपीच करावं. सरकारी नियमाने बदलणारं, म्हणजे कराचे दर, ई-वे बिलाच्या मर्यादा वगैरे, एका जागी ठेवावं आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यावं. तुमच्या चारही कामांपैकी एकही आज लायब्ररी करण्याइतकं मोठं नाही. कॉपी करताना वर एक ओळ मात्र टाका: संग्रहातली कोणती फाइल, कोणत्या तारखेची. पुढे संग्रहात चूक सापडली तर ती ओळ सगळ्या प्रोजेक्टांत शोधता येते. त्या एका ओळीने माझे किती फेरे वाचवलेत ते मलाच माहीत.

व्हॉट्सॲपवर कोड पाठवू नका. तारांकित चिन्हांमधला मजकूर तिथे ठळक दिसतो, अधोरेखाचिन्हांमधला तिरका होतो, चिन्हं स्वतः दिसेनाशी होतात, आणि समोरचा स्क्रीनशॉट पाहून टाइप करत बसतो. वर्डमध्ये लिहून ठेवाल तर सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि कोड चालत नाही. पायथनचं इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, तर या प्रवासात पहिलं शहीद होतं. रेपोची लिंक द्या. रोज लागणारे पाच-सहा साचे असतील तर व्हीएस कोड या एडिटरच्या यूजर स्निपेट्समध्ये घाला, छोटं नाव टाइप करून टॅब दाबलं की येतात. पण तिथे फक्त सांगाडे ठेवा; हिशेबाचा तर्क रेपोतच हवा, कारण तिथेच त्याच्या चाचण्या आहेत.

देण्याआधी तुकड्यात गिऱ्हाइकाचं काही राहिलं नाही ना ते पाहा. डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएसवाल्याची गुप्त किल्ली (की), नमुना म्हणून ठेवलेला खरा फोन नंबर. एकदा गिटमध्ये गेलेला पासवर्ड फाइलमधून पुसला तरी जुन्या नोंदींत राहतो. असं झालंच तर पुसत बसण्याआधी पासवर्ड बदला. आणि कोड मुळात कोणाचा, हेही बघा. एखाद्या गिऱ्हाइकाशी "हा कोड आमचा" असा करार असेल तर तो मित्राला देणं तुमच्या हातात नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेला असेल तर तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्याखाली असतो: श्रेय द्यायचं, आणि बदलून वाटला तर त्याच अटींवर वाटायचा. वर लिंक ठेवण्याची सवय लावा, पुढच्या माणसाला मूळ चर्चाही वाचता येते.

आता कोणी म्हणेल, हल्ली एआयला सांगितलं की फंक्शन लिहून मिळतं, संग्रह कशाला? मीही वापरतो. राउंडिंगचं फंक्शन त्याने मला छान लिहून दिलं, आणि साडेबासष्ट पैशांचे ६२ केले. खालची पाच आकड्यांची यादी होती म्हणून एका मिनिटात कळलं. कोड कोणी लिहिला याने फार फरक पडत नाही. मुनीमजी राउंडिंग कुठे करतात हे त्या यंत्राला कोण सांगणार?

सुरुवात कुठून करायची विचाराल तर राउंडिंगपासूनच करा. पाचही प्रोजेक्टांतली ती फंक्शन्स एका फाइलमध्ये शेजारीशेजारी मांडा आणि सगळ्यांना तीन आकडे द्या: २८४९९.६२५ दोन दशांशांपर्यंत, २.५ रुपयापर्यंत, आणि उणे २.५ रुपयापर्यंत. उत्तरं एकसारखी आली तर मला आश्चर्य वाटेल. तिसरा आकडा मुद्दाम दिलाय, तो माल परत येतो तेव्हाचा. जावास्क्रिप्टचं साधं राउंड २.५ चे ३ करतं आणि उणे २.५ चे उणे २. म्हणजे बिल केलं, सगळा माल परत घेतला, तरी खात्यावर एक रुपया उरतो. तुमच्या दुकानदारांना तो कुठे टाकायचाय, हे त्यांच्या मुनीमजींना विचारा आणि ते जे सांगतील ते चौथ्या ओळीत लिहा.